वऱ्हाडातील परवान्याची बंदूक : विक्री, जमा आणि नावनोंद

किंमत आणि वस्तू यांची अदलाबदल झाली की विक्री पूर्ण झाली, असा व्यवहारातील समज आहे. कापूस, ज्वारी, बैलजोडी यांच्या बाबतीत तो पुरेसा ठरतो. बंदुकीच्या बाबतीत तो पुरेसा ठरत नाही. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील एखाद्या परवानाधारकाने आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकास विकली आणि पैसे मोजून घेतले, तरी जोपर्यंत ती त्याच्या परवान्यावरून उतरून घेणाराच्या परवान्यावर चढत नाही, तोपर्यंत व्यवहार अपुराच राहतो. या दोन नोंदींमधील काळात बंदूक कोणाची, आणि तिचा गैरवापर झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हा प्रश्न उरतो. या मधल्या काळाची जबाबदारी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे कशी येत गेली, याचा वऱ्हाडापुरता इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

१. शस्त्र आणि पण्य

शिवकालात सिद्ध झालेल्या ‘राजव्यवहारकोशा’त शब्दांची विभागणी वर्गांमध्ये केली आहे. त्यात ‘शस्त्रवर्ग’ वेगळा आणि बाजारात विकावयाच्या मालाचा ‘पण्यवर्ग’ वेगळा. कोशाच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी असली, तरी तीत एक सामाजिक जाणीव उमटलेली आहे. शस्त्राची खरेदी-विक्री होत नसे असे नव्हे. परंतु ते प्रथम राजसत्तेच्या व चाकरीच्या संबंधाने ओळखले जाई, मालाच्या संबंधाने नंतर.

मराठीतील बंदुकीची शब्दसंपत्ती तपासली असता हाच इतिहास निराळ्या बाजूने दिसतो. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधाचा. तो स्फोटक चूर्णासही लागला आणि मद्यासही. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे पोर्तुगिजांकडून आलेले. याउलट बंदूक हाताळणाराच्या क्रिया देशी शब्दांनी सांगितल्या जातात : दारू ठासावयाची, चाप ओढावयाचा, बार काढावयाचा. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव या क्रियेवरूनच पडले. विदर्भात तिलाच ‘भरमार’ असेही म्हणतात. वस्तू परकी आणि कृती आपली, अशी ही वाटणी आहे. यानंतरचा थर दफ्तराचा : परवाना, जमा, नोंद, लायसन. या लेखाचा विषय मुख्यतः या शेवटच्या थराशी निगडित आहे. कारण बंदुकीचे वऱ्हाडातील आधुनिक जीवन हे बव्हंशी दफ्तरातील जीवन आहे.

२. वऱ्हाडाची विशेष स्थिती

वऱ्हाडाचा राजकीय इतिहास शस्त्रबळाच्या हिशोबाशी फार निकटचा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी मेळघाटातील गाविलगडावर भोसल्यांचा पराभव झाला. त्याच महिन्यातील देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. पुढे हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च थकला, आणि २१ मे १८५३ च्या तहाने तो भागविण्यासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. एका फौजेच्या पगारापोटी अख्खा प्रांत लावून देण्यात आला, असे याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

अव्वल इंग्रजीपूर्वीच्या वऱ्हाडात बंदूक ही केवळ सरकारी फौजेकडेच नव्हती. देशमुखांच्या गढ्यांवर शिबंदी असे. अरब व रोहिले चाकरीस ठेवण्याची पद्धत निजामी मुलखात सर्वत्र होती. अशा व्यवस्थेत बंदुकीचे मालकपण चाकरीशी जोडलेले होते. चाकरी सुटली की बंदूक कोणाची, हे धनी आणि चाकर यांच्यातील कराराने किंवा बळाने ठरे. त्याची सरकारदरबारी नोंद करण्याचे कारण पडत नसे.

हवाली झालेल्या वऱ्हाडाची कायदेशीर स्थिती मोठी चमत्कारिक होती. राज्यकारभार इंग्रजांचा, परंतु सार्वभौमत्व निजामाचे. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा येथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर जनरलच्या हुकुमाने तो लागू करावा लागे. १९०२ च्या कायम पट्ट्यानंतर आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेल्यावरही हा भेद कागदोपत्री शिल्लक होता. म्हणून १९४१ मध्ये वऱ्हाडास अनेक कायदे लागू करण्यासाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचे स्वतःचे राज्य होते व तेथील कायदा निराळा होता. नदी ओलांडून आलेल्या हत्याराचा मागोवा घेणे अशा सरहद्दीवर सोपे नव्हते, हे सहज ध्यानात येईल.

३. १८७८ चे कलम

१८५७ नंतर १८६० मध्ये शस्त्रांविषयीचा कायदा झाला. त्यापेक्षा व्यापक असा कायदा लिटनच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये आला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षाचा; म्हणून दोहोंचा उल्लेख एका दमात करण्याची प्रथा पडली. या कायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. शस्त्रे तयार करणे व विकणे हाही परवान्याचा धंदा झाला.

तथापि या कायद्याच्या पाचव्या कलमात एक सवलत होती आणि तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले हत्यार, ते बाळगण्यास मनाई नसलेल्या कोणासही विकण्यास मालकास मोकळीक होती. त्यास विक्रेत्याचा परवाना लागत नसे. अट एवढीच की, विक्रीची आणि घेणाराच्या नावपत्त्याची वर्दी विनाविलंब जिल्हा मॅजिस्ट्रेटला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अंमलदाराला द्यावी. वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनर असे, तेव्हा व्यवहारात ही वर्दी त्याच्या कचेरीत जाणार.

या कलमातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, वर्दी विक्रीनंतरची होती. म्हणजे बंदूक आधी हलावयाची आणि कागद मागाहून जावयाचा. दुसरी ही की, घेणारा कायद्यातून मुक्त असलेल्या वर्गातील असेल, तर वर्दीची गरजच नव्हती. युरोपीय, अँग्लो-इंडियन आणि काही किताबधारी मानकरी यांना नियमांनी अशी मुक्तता दिली होती. परिणामी देशी परवानाधारकाकडून गोऱ्या माणसाकडे गेलेली बंदूक नोंदीच्या दृष्टीने तेथेच लुप्त होई. कायदा शस्त्रांचा माग ठेवण्यासाठी असेल, तर हे छिद्र अक्षम्य होते. परंतु तो मुख्यतः देशी माणसावर नजर ठेवण्यासाठी असल्याने ते छिद्र कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही. वंशभेदावर आधारलेली ही मुक्तता पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलून काढून टाकण्यात आली.

तिसरी गोष्ट बाविसाव्या कलमात होती. घेणाऱ्यास हत्यार बाळगण्याचा अधिकार आहे किंवा नाही याची आधी खात्री न करता ते त्याच्या हवाली करणे हा अपराध ठरविला होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे खासगी विक्रीची मोकळीक दिली, परंतु चौकशीचा भार विकणाऱ्याच्याच माथी मारला. परवाना खरा की खोटा, मुदतीतला की संपलेला, त्यावर आणखी एका बंदुकीस जागा आहे की नाही, हे गावच्या पाटलाने वा देशमुखाने कशावरून ठरवावे? ज्याच्याकडे नोंदवही आहे, ज्याची वही सरकार तपासते आणि परवाना वाचण्याची ज्याला रोजची सवय आहे, अशा तिऱ्हाइताची गरज या कलमातच दडलेली होती.

१८७८ च्या कायद्याविरुद्ध झालेले आंदोलन प्रामुख्याने राष्ट्रीय स्वाभिमानाच्या भूमीवरून झाले. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याविषयी ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क नमूद झाला. काँग्रेसचे तेरावे अधिवेशन डिसेंबर १८९७ मध्ये सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस भरले व दादासाहेब खापर्डे त्याचे स्वागताध्यक्ष होते. तेव्हा वऱ्हाडातील सुशिक्षित वर्गास या चळवळीची भाषा परकी नव्हती. परंतु हक्काच्या या चर्चेत बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात कशी जावी, हा रुक्ष प्रश्न मागे पडला.

४. वावराची राखण

वऱ्हाडातील परवान्याच्या बंदुकीचे दोन मोठे प्रकार मानता येतात. एक घराण्याची, प्रतिष्ठेची व शिकारीची, बहुधा दुनळी बारा बोअर. दुसरी वावराच्या राखणीची, बहुधा ठासणीची एकनळी. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत रानडुक्कर, रोही आणि हरणे यांचा उपद्रव जुना आहे. रात्रीची जागल, माळा आणि गोफण ही राखणीची मूळ साधने. बंदूक त्यांत मागाहून आली. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावरांसाठी निराळा परवाना देण्याची तरतूद इंग्रजी अमदानीतील नियमांत होती. १९५९ च्या अधिनियमानेही ती तेराव्या कलमात राखली : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण वा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक.

पीकसंरक्षणाच्या बंदुकीचे वैशिष्ट्य असे की, तिचे समर्थन मालकाच्या व्यक्तित्वात नसून त्याच्या वावरात आहे. वावर विकले वा वाटणीत गेले, तर बंदुकीचे कारणही जाते. म्हणून वऱ्हाडी माणूस ज्या वाक्प्रचाराने जमिनीविषयी बोलतो, त्याच वाक्प्रचाराने बंदुकीविषयीही बोलतो. वावर ‘नावावर करावयाचे’, बंदूकही ‘नावावर करावयाची’. कापसाची गाठ कोणी ‘नावावर करीत’ नाही, ती विकतात. भाषेतील हा भेद यथार्थ आहे. बंदुकीचे हस्तांतर बाजारातील विक्रीपेक्षा तलाठ्याच्या दफ्तरातील फेरफाराशी अधिक जुळते. फरक एवढाच की, फेरफार होईपर्यंत जमीन जागच्या जागी असते. बंदूक कोठे तरी ठेवावी लागते.

५. जमा : विक्रेता की ठेवीदार?

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. वऱ्हाड तोपर्यंत १९५६ च्या पुनर्रचनेने द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आले होते. तलवार, भाला यांसारख्या हत्यारांना सर्वसाधारणपणे परवान्यातून सूट मिळाली. बंदुकीवरील बंधन राहिले.

खासगी विक्रीची जुनी मोकळीक या अधिनियमाच्या पाचव्या कलमात टिकून आहे. पण तिचे रूप बदलले. आजच्या पाठाप्रमाणे विकणाऱ्याने आपला विक्रीचा इरादा, तसेच घेणाराचे नाव व पत्ता, जिल्हा दंडाधिकाऱ्यास वा जवळच्या ठाण्याच्या अंमलदारास लेखी कळवावयाचा, आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस लोटल्यावाचून बंदूक हवाली करावयाची नाही. १८७८ मध्ये आधी बंदूक आणि मग कागद असा क्रम होता. तो आता उलटला. आधी कागद, मग प्रतीक्षा आणि शेवटी बंदूक. घेणाऱ्याच्या अधिकाराची खात्री करण्याचे कर्तव्यही एकोणतिसाव्या कलमात कायम आहे. एकवीस वर्षांखालील किंवा कायद्याने अपात्र ठरलेल्या व्यक्तीस बंदूक विकण्यास नवव्या कलमाने मनाई आहे.

याच्या जोडीला एकविसावे कलम वाचले पाहिजे. आपल्या विषयाचा गाभा तेथे आहे. परवान्याची मुदत संपली, तो रद्द झाला, किंवा अन्य कारणाने बंदूक बाळगणे बेकायदेशीर ठरले, तर ती विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा विहित अटींच्या अधीन राहून परवानाधारक विक्रेत्याकडे, जमा करावी लागते. जमा करणारा, आणि तो मृत झाला असल्यास त्याचा कायदेशीर वारस, विहित मुदतीत दोहोंपैकी एक गोष्ट करू शकतो : स्वतः पात्र होऊन बंदूक परत घेणे, किंवा पात्र व्यक्तीस ती विकण्याचा अधिकार देऊन येणारी रक्कम घेणे. मुदत टळली तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने बंदूक सरकारजमा होऊ शकते.

वऱ्हाडातील घराण्याच्या बंदुकीची खरी कसोटी या कलमावर लागते. समजा, दर्यापूर किंवा बाळापूर तालुक्यातील एखादा परवानाधारक वारला. बंदूक घरात आहे, मुलाच्या नावाचा परवाना नाही. वारसाहक्काने बंदुकीची किंमत मुलाची झाली. पण बंदूक बाळगण्याचा हक्क त्याला वारशाने मिळालेला नाही. मालकी आणि ताबा यांची अशी फारकत अन्य जंगम मालमत्तेत क्वचितच आढळते. भिंतीवर खुंटीला ती तशीच टांगून ठेवणे म्हणजे वडिलांची आठवण जपणे, अशी घरच्यांची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने तो विनापरवाना ताबा होय. दुरुस्त करूनही उडू शकणार नाही अशा जुनाट किंवा पुराणवस्तू ठरणाऱ्या हत्यारास पंचेचाळिसाव्या कलमाने सूट आहे. परंतु ‘जुनी’ बंदूक आणि ‘निकामी’ बंदूक यांत अंतर आहे, आणि ते अनेकदा ध्यानात घेतले जात नाही.

अशा वेळी विक्रेत्याच्या दुकानाचा मार्ग का पत्करला जातो, हे आता स्पष्ट होईल. सर्वसाधारण क्रम असा : बंदूक दुकानात जमा होते आणि विक्रेता तिचा प्रकार, घडविणारा, क्रमांक व जमा करणाराचे नाव वहीत चढवून पावती देतो. त्या पावतीने मालकाचा ताबा संपला याचा पुरावा निर्माण होतो. ग्राहक आपला परवाना घेऊन येतो. विक्रेता त्याची मुदत, शस्त्राचा प्रकार आणि शिल्लक जागा पाहतो. विक्री झाली की परवान्यावर नोंद होते आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास ती कळविली जाते. विक्रेत्याच्या वह्या तपासणीस खुल्या असतात. या साखळीतील कोणत्याही क्षणी बंदूक कोणाकडे आहे, याचे एकच उत्तर मिळते. समोरासमोरच्या खासगी विक्रीत हे उत्तर केवळ दोघांच्या सचोटीवर आणि एका अर्जाच्या पोचपावतीवर अवलंबून असते.

म्हणून येथे विक्रेत्याचे काम माल विकणाराचे कमी आणि ठेव सांभाळणाराचे व साक्षीदाराचे अधिक आहे. त्याला मिळणारा मोबदला हा मुख्यतः या साक्षीचा मोबदला होय. विकणारास त्यातून जी निश्चिंती मिळते, तिचे मोल रकमेतील घटीपेक्षा अधिक आहे. आपल्या हातून गेलेल्या बंदुकीने पुढे कोठे अपराध घडला, तर पोलीस प्रथम तिच्या क्रमांकावरून शेवटच्या नोंदलेल्या नावाकडे येतात. ते नाव कोणाचे असावे, हे नोंदवही ठरविते.

परदेशांशी तुलना केल्यास या व्यवस्थेचे स्थान समजते. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने परवानाधारक विक्रेत्यांवर नोंदी ठेवण्याचे बंधन घातले. परंतु एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील विक्री विक्रेत्यामार्फतच व्हावी, असा दंडक त्याने घातला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी तो स्वतंत्र कायद्याने घातला. तेथे बंदूक बाळगणे हा हक्क मानून विक्रीवर बंधन घालावयाचे असते. भारतात बाळगणे हाच अपवाद असून विक्री ही त्या अपवादातील घटना ठरते. त्यामुळे विक्रेत्याची मध्यस्थी कायद्याने सर्वत्र सक्तीची नसतानाही, जबाबदारीच्या ओझ्यानेच ती येथे रूढ होते.

६. घटती मागणी, वाढती जमा

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर वऱ्हाडातील बंदुकीच्या दोन्ही प्रकारांचे प्रयोजन आक्रसले. शिकार बंद झाली. पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्यासही अकराव्या कलमाखाली सक्षम वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागू लागली. बंदूक परवान्याची, पण बार काढण्याचा अधिकार वेगळाच, अशी स्थिती झाली. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला आणि १९८५ मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले. अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमाने अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आतील शस्त्रधारकांवर नोंदणीचे बंधन आले, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना देण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती आवश्यक ठरली. अकोला जिल्ह्यातील नरनाळा व काटेपूर्णा ही अभयारण्ये लक्षात घेता हे बंधन केवळ चिखलदरा-धारणीपुरते नाही. ज्या गावांना पीकसंरक्षणाच्या बंदुकीची निकड अधिक वाटते, तीच बहुधा या पट्ट्यात येतात. जंगल राखणे आणि वावर राखणे यांतील हा विरोध आजही मिटलेला नाही. त्याची एक खूण म्हणजे, बंदूक सोडू इच्छिणारा मिळतो, पण घेण्यास पात्र असा शेजारी सहजी मिळत नाही.

कायद्यातील पुढील बदलांनी बंदुका जमा होण्याचे प्रसंग वाढविले. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली. डिसेंबर २०१९ मध्ये ती दोनवर आली आणि जादा बंदूक एका वर्षात जमा करण्यास सांगण्यात आले. दोन्ही वेळी कायद्याने पोलीस ठाणे आणि परवानाधारक विक्रेता हीच दोन ठिकाणे दाखविली. २०१६ च्या नियमांनी परवान्यांची राष्ट्रीय नोंद व प्रत्येक परवानाधारकास एकमेव क्रमांक ही पद्धत पक्की केली. त्याच नियमांनी वारसाची वाटही काहीशी सुकर केली : परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने सत्तर वर्षे वय गाठल्यावर अथवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगल्यावर, वारसास परवाना मागता येतो. हयातीतच बंदूक पुढच्या पिढीच्या नावावर करण्याची ही सोय, मृत्यूनंतरच्या त्या धोक्याच्या मधल्या काळावरील उत्तम उपाय आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून एवढे निश्चित होते की, वऱ्हाडात परवानाधारक विक्रेत्यामार्फत होणारा खासगी बंदुकीचा व्यवहार ही व्यापाराने निर्माण केलेली रूढी नाही. ती जबाबदारीच्या प्रश्नाने निर्माण केलेली आहे. १८७८ च्या कायद्याने विक्रीची मोकळीक दिली आणि चौकशीचा भार विकणाऱ्यावर टाकला. १९५९ च्या अधिनियमाने कागदाला बंदुकीच्या पुढे आणून ठेवले. या दोहोंमधून उरलेली पोकळी विक्रेत्याच्या वहीने भरली.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास या वहीचे आणखी एक मोल आहे. गढीवरची दुनळी कोणाकडे गेली, राखणीची ठासणीची बंदूक कोणत्या गावांतून आणि केव्हा नाहीशी झाली, कोणत्या घराण्याने ती टिकविली आणि कोणी विकून टाकली, याचा माग सरकारी परवान्यांच्या जोडीने या वह्यांतच लागू शकेल. अकोला जिल्ह्यातून वाशीम १९९८ मध्ये वेगळे झाले. अशा पुनर्रचनांत जिल्ह्यांची दफ्तरे विभागली जातात, आणि खासगी दुकानांच्या जुन्या वह्या तर रद्दीच्या वाटेला लागण्यास वेळ लागत नाही. जमिनीच्या फेरफारांवरून वऱ्हाडी खेड्यांचा आर्थिक इतिहास लिहिता येतो हे आता सर्वमान्य आहे. बंदुकीच्या जमाबुकांचा तसाच उपयोग करावयाचा असेल, तर त्यांचे जतन आताच हाती घेणे अगत्याचे आहे.